खाते बंद झालेले नाही!

आमच्या भिंगारला छावणी भागातल्या रस्त्यांवर भल्या सकाळी फिरणाऱ्या निवृत्तांची बरीच टोळकी आहेत. आमचे टोळके पाच जणांचे. एक निवृत्त सुभेदार, एक शाळामास्तर, एक एसटीचे कंडक्टर, एक किराणा दुकानदार (दुकान मुलाच्या हाती दिले म्हणून निवृत्त) आणि बँकेत उभी हयात घालवून कादंबऱ्या लिहिण्याच्या नादी लागलेला मी. या पाच जणांच्या छातीत मिळून सात जाळ्या आहेत. त्यांतली एक माझी. बायपास झालेले लोक शर्टाची वरची बटणे काढून छातीवरची शिवण दाखवत असत. आमच्याकडे दाखवायला काहीच नाही. मनगटातून नळी घातली, तारेची जाळी बसवली, तिसऱ्या दिवशी घरी. त्यामुळेच की काय, आपल्याला काही झाले होते हेच आम्ही विसरून गेलो होतो.

म्हणजे गेल्या नवरात्रापर्यंत विसरलो होतो.

सुभेदारसाहेबांना पावसाळ्याच्या तोंडी झटका आला होता. वेळेत पोहोचले, जाळी बसली, महिनाभरात पुन्हा फिरायला येऊ लागले. नवरात्राच्या आधी त्यांची दाढ ठणकू लागली. दाताच्या डॉक्टरांनी रीतसर विचारले, ‘‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?’’ साहेब म्हणाले, ‘‘दोन चालू आहेत.’’ ‘‘मग आठ दिवस बंद ठेवा, नंतर दाढ काढू.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला विचारले, ‘‘काय हो, करू का बंद? तुम्ही पुस्तकंबिस्तकं वाचता.’’ मी म्हणालो, ‘‘डॉक्टर सांगतायत म्हणजे विचार करूनच सांगत असतील.’’ हे माझे वाक्य. ते मी आजवर अनेकदा मनातल्या मनात परत घेतले आहे.

गोळ्या बंद झाल्या. दाढ निघाली. लगेच घट बसले. साहेबांचे नऊ दिवसांचे कडक उपवास. रिकाम्या पोटी गोळ्या नकोत, दसऱ्यानंतर सुरू करू, असे त्यांनी स्वतःच ठरवले. त्यांना बरेही वाटत होते! दसऱ्याच्या आदल्या पहाटे छातीत पुन्हा तीच कळ आली. नगरला नेले. चार महिन्यांपूर्वी जी जाळी बसवली होती, नेमकी तिच्यातच रक्ताची गुठळी झाली होती आणि रक्तवाहिनी पार बंद झाली होती. साहेब वाचले. पण हृदयाचा जो भाग त्या दोन-तीन तासांत रक्ताविना राहिला, तो गेला तो गेलाच. चांदबिबीच्या महालाची टेकडी एका दमात चढणारा हा माणूस आता पुलाच्या कठड्यावर बसून आमची वाट बघतो.

आता दुसरी गोष्ट ऐका, ती बरोबर उलटी आहे. आमच्या मास्तरांना जाळी बसली त्याला नऊ वर्षे झाली. घरी सोडताना त्यांना सांगितले होते, ‘‘गोळ्या बंद करायच्या नाहीत.’’ मास्तर हाडाचे शिक्षक. दिलेला गृहपाठ न चुकता करणारे. तोच कागद औषधाच्या दुकानात दाखवून त्यांनी दोन्ही गोळ्या नऊ वर्षे घेतल्या. हिरड्यांतून रक्त यायचे, कुठे जरा लागले तर काळेनिळे व्हायचे. वयामुळे असेल, असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले. मग एक दिवस शौचाला डांबरासारखे काळे झाले, घेरी आली आणि तीन बाटल्या रक्त द्यावे लागले. पोटात रक्तस्राव झाला होता. हृदयाच्या डॉक्टरांनी कागद पाहून कपाळाला हात लावला. दोनपैकी एक गोळी कितीतरी आधीच थांबवायला हवी होती.

एकाने लवकर थांबवल्या, दुसऱ्याने थांबवल्याच नाहीत. दोघांचीही फाइल मी नंतर मागून घेऊन पाहिली. दोन्हींत सगळे काही होते: रक्ताचे अहवाल, चित्रफितीची तबकडी, बिलाच्या पावत्या. फक्त एक गोष्ट कुठेच नव्हती. कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत? गोळ्यांच्या नावांपुढे ‘ओडी’ असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ दिवसातून एकदा, हे मला आता कळले. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला ‘ओडी’ म्हणजे ओव्हरड्राफ्टच वाटणार!

हे सारे इतके महत्त्वाचे का, ते समजून घ्यायचे तर जाळी म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. आंद्रेयास ग्रुंटझिग या डॉक्टरांनी १९७७च्या सप्टेंबरात झुरिकमध्ये पहिल्यांदा हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत फुगा नेऊन तो फुगवला आणि वाट मोकळी केली. पण फुगा काढला की वाट पुन्हा आकसायची. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानला डॉक्टरांनी तिथे तारेची जाळी ठेवून द्यायला सुरुवात केली. विहिरीची कड ढासळू नये म्हणून आतून बांधून काढतात, तसेच हे. आपल्याकडे कोणी तिला स्प्रिंग म्हणतात, कोणी स्टेंट. गंमत अशी, की हा शब्द आला तोच मुळी एका दंतवैद्यावरून! चार्ल्स स्टेंट हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज दंतवैद्य. दातांचे साचे घेण्याचे त्यांचे मिश्रण प्रसिद्ध होते. सुभेदारसाहेबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘म्हणजे सुरुवातही दातापासून आणि घातही दातापासून.’’

जाळी धातूची असते आणि रक्ताला धातू परका. शरीराबाहेरची वस्तू दिसली की रक्तातल्या बिंबिका धावून येतात, एकमेकींना चिकटतात आणि गुठळी धरतात. डेंग्यूच्या साथींमुळे घरोघर माहीत झालेल्या प्लेटलेट्स त्या ह्याच. बोट कापल्यावर आपला जीव वाचवणारी ही यंत्रणा तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीत जिवावर उठते. कालांतराने जाळीच्या तारांवर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची पातळ साय धरते आणि जाळी रक्ताच्या नजरेआड होते. तोवर बिंबिकांना आवरून धरायचे काम त्या दोन गोळ्यांचे. एक अ‍ॅस्पिरिन, दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एखादी. लोक यांना ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतात, पण त्यांनी रक्त पाण्यासारखे पातळबितळ होत नाही. बिंबिकांचा चिकटपणा तेवढा जातो. बिंबिकेचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. म्हणून गोळ्या बंद केल्या की आठवड्याभरात नव्या, पुऱ्या चिकट बिंबिकांचे राज्य पुन्हा सुरू होते. माणसाला मात्र काहीच जाणवत नाही. बरे वाटत असते.

मग ही साय धरायला वेळ का लागतो? त्यामागे एक विलक्षण कथा आहे. साध्या जाळीच्या आत जखमेची खपली वाढावी तसे मांस वाढायचे आणि वाट पुन्हा अरुंद व्हायची. त्यावर उपाय म्हणून जाळीला औषधाचा लेप द्यायची कल्पना निघाली. पहिल्या लेपातले औषध सिरोलिमस. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरची माती १९६४ मध्ये निघालेल्या एका कॅनेडियन मोहिमेने आणली, त्या मातीतल्या जिवाणूपासून ते निघाले. ते वेगळे काढणाऱ्या मॉन्ट्रियलमधल्या गटाचे प्रमुख होते भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सहगल. लेपाची जाळी २००२ मध्ये युरोपात आणि २००३ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. आतले मांस वाढणे थांबले. डॉक्टर खूष, रुग्ण खूष. पण जे औषध नको असलेली वाढ थांबवते, ते हवी असलेली सायही लवकर धरू देत नाही. जाळी अधिक काळ उघडी राहते.

याची किंमत काही वर्षांनी कळली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेपाच्या जाळ्या बसवलेल्या २२२९ रुग्णांवर नऊ महिने लक्ष ठेवले होते. २९ जणांच्या जाळीत गुठळी झाली आणि त्यांतले १३ दगावले. गुठळी होण्याचे सर्वांत बळकट कारण कोणते निघाले? गोळ्या मुदतीआधी बंद करणे! २००६च्या सप्टेंबरात बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत तर असे निष्कर्ष पुढे आले, की जगभरच्या वर्तमानपत्रांत मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बर्न आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथल्या ८१४६ रुग्णांचा अभ्यास आला. पहिल्या महिन्यानंतरही दरवर्षी हजारात सहा जणांच्या जाळीत गुठळी होतच होती, आणि तीन वर्षांपर्यंत तो आकडा खाली आला नव्हता. आपण समजतो तसा धोका महिन्या-दोन महिन्यांत मिटत नाही, हे तेव्हा पक्के झाले. त्यानंतर जाळ्या सुधारल्या. तारा जवळजवळ निम्म्या बारीक झाल्या, लेप सौम्य झाले, धोका बराच उतरला. पण शून्य झाला नाही. जाळी आहे तोवर थोडा का होईना, आहे.

मग जाळीच विरघळून जाणारी केली तर? तोही प्रयोग झाला. ‘अ‍ॅबसॉर्ब’ नावाची, काही वर्षांत शरीरात जिरून जाणारी जाळी आपल्याकडेही विकली जात होती. कल्पना किती सुंदर! पण नेदरलँड्समध्ये १८४५ रुग्णांवर केलेल्या तुलनेत, दोन वर्षांत, नेहमीच्या धातूच्या जाळीत ०.९ टक्के रुग्णांना गुठळी झाली, तर या विरघळणाऱ्या जाळीत ३.५ टक्के रुग्णांना. हे निष्कर्ष २०१७च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी कंपनीने तिची जगभरातली विक्री थांबवली. नवे आणि महाग ते सुरक्षित, हा हिशेबही असा चुकतो.

त्याच २०१७ सालची आपल्या देशातली गोष्ट मात्र जाळीच्या किमतीची. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारीत जाळ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली: साधी ७,२६० रुपये, लेपाची २९,६०० रुपये. तोवर लेपाच्या जाळीवर दोन लाखांच्या जवळपासची किंमतही छापलेली असे. माझी जाळी त्याच्या आदल्या वर्षीची. बिल हातात आले तेव्हा मी जुन्या सवयीने एकेक रक्कम पेन्सिलीने तपासली, दोन ठिकाणी बेरीज धरली आणि कॅशियरशी वाद घातला. किंमत उतरल्याची बातमी आली त्या दिवशी तर फिरायला गेल्यावर तासभर तेच बोलणे. किमतीवर आपण सगळेच बोललो, आणि बोलायलाच हवे होते. त्यामुळे हजारो घरांचे पैसे वाचले. पण जाळी बसल्यानंतरच्या गोळ्यांची मुदत किती, हा बिनपैशाचा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. ज्याने तीस वर्षे परतफेडीची तारीख नसलेला एकही कर्जाचा कागद पुढे सरकू दिला नाही, त्याने स्वतःच्या हृदयाचा कागद तारखेवाचून कपाटात ठेवून दिला!

मुदत किती असावी, याचे एकच उत्तर नाही, हे खरे. झटका आल्यावर जाळी बसवली असेल तर साधारणपणे एक वर्ष दोन्ही गोळ्या. झटका न येता ठरवून बसवली असेल तर साधारण सहा महिने. ज्याला रक्तस्रावाचा धोका जास्त, त्याला याहूनही कमी. पुढे बहुतेकांना एक गोळी जन्मभर. मग सरसकट सगळ्यांना दोन्ही गोळ्या जास्त काळ का देऊ नयेत? तेही करून पाहिलेले आहे. सुमारे दहा हजार रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गोळ्या एका वर्षाने थांबवलेल्यांपैकी हजारात चौदा जणांच्या जाळीत पुढच्या दीड वर्षात गुठळी झाली; चालू ठेवलेल्यांपैकी फक्त चौघांच्या. पण मोठा रक्तस्राव पहिल्या गटात हजारात सोळा जणांना झाला, तर दुसऱ्या गटात पंचविसांना. बँकेच्या भाषेत, एका बाजूला दहा जमा आणि दुसऱ्या बाजूला नऊ नावे. असा ताळेबंद ज्याचा त्याचा वेगळा निघतो. तो मांडण्याचे काम हृदयाच्या डॉक्टरांचे आहे. दाताच्या दवाखान्याचे नाही, औषधाच्या दुकानदाराचे नाही, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या फिरस्त्या मित्राचे तर मुळीच नाही.

डॉक्टर मंडळींमध्ये याची जाण नाही असे मला म्हणायचे नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या, शल्यविशारदांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २००७ मध्ये मिळून एक सूचनापत्रक काढले होते. जाळी बसलेल्या रुग्णाच्या गोळ्या मुदतीआधी बंद करणे किती घातक आहे ते त्यात सांगितले आहे. घाईची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकला, आणि कोणीही गोळ्या बंद करायला सांगितले तर रुग्णाने आधी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे, असा त्याचा मथितार्थ. बहुतेक वेळा दात गोळ्या चालू ठेवूनही काढता येतो. तिथे दाबून धरून रक्त थांबवता येते. ज्ञान आहे, आणि तेही बरेच जुने आहे. अडते ते एवढेच, की ते फाइलमधून रुग्णाच्या खिशापर्यंत येत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. जाळी बसवलेल्या प्रत्येक माणसाला घरी सोडताना, खिशात मावेल असे एक कार्ड मराठीत द्यावे. त्यावर चार गोष्टी. जाळी कधी आणि कोणत्या रक्तवाहिनीत बसवली. दोन गोळ्या कोणत्या, आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्यानंतर कोणती एक कायम. आणि कोणी बंद करायला सांगितलेच, तर आधी फोन कोणाला करायचा. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. तिच्यातून गरिबांच्या अँजिओप्लास्टी होतात. दाव्यासोबत रुग्णालयांना कागदांची चळत जोडावी लागते. त्या चळतीत या कार्डाची एक प्रत सक्तीची करा. सरकारला यासाठी नवा कायदा नको की निधी नको.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, डॉक्टरांना वेळ नसतो. माझ्या नोकरीच्या काळात बाजाराच्या दिवशी बँकेतही वेळ नसायचा. तरीही कर्जदार मराठीत सही करणारा असेल, तर इंग्रजी दस्तऐवजाखाली ‘वरील मजकूर मला मराठीत समजावून सांगितला आहे’ अशी ओळ असल्याखेरीज आम्ही पुढे जात नव्हतो. शेतकऱ्याच्या विहिरीच्या कर्जाला जी काळजी लागते, ती त्याच्या काळजाला नको? दुसरा आक्षेप असा, की मुदत पुढे बदलू शकते, मग तारीख लिहायची कशी? बदलली तर खोडून नवी लिहावी आणि सही करावी. मुदतवाढ हा प्रकार बँकेत तर रोजचाच आहे. तारीख बदलणे वेगळे आणि मुळात तारीखच नसणे वेगळे.

आणि थोडा दोष आपल्याही पदरात घ्यायला हवा. जाळी बसली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पेढे वाटतो, ‘ब्लॉकेज काढून टाकले’ म्हणून सांगत सुटतो. कर्ज फिटले, खाते बंद झाले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते खाते त्याच दिवशी उघडलेले असते आणि त्याचा हप्ता रोज सकाळी भरायचा असतो. उपवास असो, वारी असो, नातवाचे लग्न असो, रमजानचे रोजे असोत. वेळ मागेपुढे कशी करायची ते डॉक्टर सांगतील, पण हप्ता चुकवायचा नाही. रक्तस्राव सुरू झाला, अपघात झाला, मोठी शस्त्रक्रिया निघाली, तर गोळी थांबवावीही लागते. पण तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घालून व्हायला हवा; रिकाम्या पोटाची सबब सांगून स्वयंपाकघरात नव्हे.

आमच्या टोळक्यापुरते आम्ही हे काम उरकून टाकले आहे. पाचही जणांच्या फाइली घेऊन मी ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. तारखा विचारून घेतल्या, जुन्या बँकी अक्षरात कार्डे लिहिली आणि वरून प्लॅस्टिक चढवून आणले. डॉक्टरांपैकी कोणीही नाही म्हणाले नाही. प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटे लागली. सुभेदारसाहेबांनी त्यांचे कार्ड पाकिटात लष्करी ओळखपत्राच्या शेजारी ठेवले आहे. त्या कार्डावरची तारीख यायला अजून बरेच महिने आहेत. रोज सकाळी कठड्यावर बसताना ते मला सांगतात, ‘‘घेतली हो, दोन्ही घेतल्या.’’ मी न विचारताच सांगतात. बहुधा त्यांना माझे ते वाक्य आठवत असावे. ते कधी बोलून दाखवत नाहीत, आणि मलाही त्याबद्दल बोलायचे धाडस अजून झालेले नाही.

आज रविवार आहे. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी एक तरी जाळी नक्की असेल. चहा झाला की कपाटातली ती फाइल काढा, आणि दोन्ही गोळ्यांच्या पुढे तारीख लिहिली आहे का, तेवढे बघा. नसेल तर उद्या सोमवारी दवाखाना उघडल्या उघडल्या विचारून घ्या. आणि तोवर, कृपा करून, एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.